इंतिसारला मागणी येते

रुसून जायला माणसाला माहेर लागतं, आणि इंतिसार तर माहेरातच राहत होती. सल्त गावाच्या त्या अख्ख्या उतारावर आजवर कितीतरी बायका रुसल्या होत्या. अंगावर कोट चढवायचा, पिशवी उचलायची आणि नवऱ्याच्या तोंडावर दार आपटून बापाच्या घरी जाऊन बसायचं, ही रीत सगळ्यांना पाठ होती. मग चार वडीलधारे न्यायला यायचे, मानपान व्हायचा, नवरा मान खाली घालून बसायचा आणि बाई हातात एखादी बांगडी जास्त घालून परत जायची. पण जिला नवराच नाही आणि जी तरुणपणापासून बापाच्याच घरात राबते आहे, तिनं रुसायचं ठरवलं तर जायचं कुठे, याची सोय कोणी करून ठेवली नव्हती. म्हणून मंगळवारी सकाळी इंतिसारनं पिवळ्या पक्ष्याचा पिंजरा ओट्यावर ठेवला, कोट चढवला आणि ती बाहेर पडली, तेव्हा तिच्या थोरल्या भावाला, मुन्झिरला, वाटलं की ती पाव आणायला गेली.

ती दरी उतरून समोरच्या टेकडीवर नौफा मावशीकडे गेली होती.

पक्षी मुन्झिरच्या सासूचा. ही सासूबाई, उम्म नबील, कमरेच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांसाठी म्हणून लेकीकडे राहायला आली आणि दोन हिवाळे झाले तरी तिथेच होती. तिच्याआधी इंतिसारचे वडील, हाजी मिफ्लेह, अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळले होते. त्यांच्याआधी वडिलांची बहीण, गजवा आत्या, एकेक गोष्ट विसरत विसरत आता फक्त आपलं लग्न तेवढं लक्षात ठेवून होती. धाकट्या भावाची, राकानची, जुळी मुलं रोज दुपारी शाळेतून थेट इथेच उतरायची. दर वेळी नवं माणूस घरात येताना एकच वाक्य बोललं गेलं होतं, आणि मंगळवारी मुन्झिरच्या बायकोनं, सुहैरनं, पिंजरा पुढे करताना तेच वाक्य उच्चारलं: "त्याला काय लागतंय, मूठभर दाणे. तू घरातच असतेस ना."

इंतिसारनं पक्ष्याकडे पाहिलं. पक्ष्यानं तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

नौफा मावशी म्हणजे इंतिसारच्या आईची धाकटी बहीण. नवरा गेलेला, मुलगा आखातात, गुडघे कामातून गेलेले आणि जीभ मात्र अजून नव्यासारखी. तिनं दार उघडलं, भाचीच्या तोंडाकडे पाहिलं आणि एक शब्दही न विचारता आत घेतलं. अडचण नंतर सुरू झाली, आणि ती भलतीच निघाली.

"बस," मावशी म्हणाली.

"तुझी गुडघ्याची पट्टी सैल झालीय, मावशी."

"होऊ दे."

"आणि दूध उतू जातंय."

"जाऊ दे. माझं दूध, माझा गॅस." मावशीनं माशा मारायची जाळी उचलून तिच्या हातावर हलकेच हाणली. "तू इथे रुसून आली आहेस, बदलीवर नाही."

इंतिसार बसली. पण हातांना बसायचं कसं ते कळेना. बुधवारी मावशी अंघोळीला गेली तेवढ्यात तिनं फडताळ आवरलं, चहात घालायची ऋषीपत्रीची सुकी पानं डब्यात भरली आणि मावशीच्या चपलांच्या तळांना सैल ठिकाणी टाके घातले. मावशी बाहेर आली, चपलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुला कुठेही ठेवलं ना, तर तू आठवड्यात एखादा आजारी माणूस शोधून काढशील. सध्या इथे मीच आहे, म्हणून सावध राहते."

हसायची गोष्ट होती आणि इंतिसार हसलीही. पण झोप येत नव्हती. अंथरुणावर पडलं की कान उभे राहायचे. वडिलांचा खोकला नाही, आत्याची पावलं नाहीत, तरी ती दचकून उठून बसायची आणि भिंतीला विचारायची, काय हवंय. दुपारी खिडकीत उभं राहिलं की समोरच्या टेकडीवर आपलं घर दिसे. गच्चीवरच्या दोरीवर वडिलांच्या चादरी कोणीतरी पिळल्याशिवायच टाकल्या होत्या आणि दोरी पार कठड्याला टेकली होती. ते पाहून तिचा एक पाय आपोआप दाराकडे वळला. मावशीनं येऊन पडदा ओढला.

परत जायचं नाही, यामागे पक्ष्याखेरीज आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं मावशीलाही सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात गजवा आत्या भर पावसात नवऱ्याला शोधायला बाहेर निघाली होती. इंतिसारनं तिला मनगटाला धरून आत ओढलं. ओढल्यावर सोडायचं असतं, तिनं सोडलं नाही. दाबतच राहिली. आत्या लहान पोरीसारखी कण्हली तेव्हा कुठे हात सुटला. मनगटावर चार बोटांचे वळ उठले होते. आत्या ते पाच मिनिटांत विसरली. इंतिसार विसरली नव्हती. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटायला लागली होती. असंच उद्या पुन्हा त्या घरात पाऊल टाकलं तर आपण कोणाला तरी खरंच दुखवू, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आणि चार गोड शब्द कानावर पडले की आपण पाऊल टाकूच, हेही तिला तितकंच स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी सुहैर पाकात भिजलेल्या गरमागरम, गोड कुनाफ्याचं ताट घेऊन आली. मावशीनं ताट घेतलं, सुहैरला घेतलं नाही. "तिची तब्येत बरी नाही, ती झोपलीय," असं म्हणून दार लावलं आणि दोघींनी मिळून कुनाफा संपवला.

संध्याकाळी राकानची बायको लुब्ना आली. ही बँकेत कामाला, कायम घाईत. तिनं पिशवीतून इंतिसारचा रात्रीचा गाउन आणि चपला काढून दिल्या आणि उभ्या उभ्याच बातम्या सांगितल्या. "ताई, घरात नुसता गोंधळ आहे. काल उम्म नबीलला कोणी चहा दिला नाही, तर ती स्वतः उठून चालत स्वयंपाकघरात गेली. सगळ्यांनी पाहिलं. चालता येतं हे तिलाही बहुतेक नवीनच होतं."

"आणि बाबा?"

"बाबांचं विचारू नकोस, म्हणजे तू निघशील." लुब्नानं आवाज खाली आणला. "येऊ नकोस, ताई. माझ्या पोरांचं मी बघीन. तुझ्या जिवावर मी इतकी वर्षं निवांत नोकरी केली, मला कळतं ते. आणि हो, मी आले होते हे राकानला कळू देऊ नकोस."

ती गेल्यावर मावशी म्हणाली, "सून बरी निघाली. उद्या शुक्रवार. उद्या ते जाहा घेऊन येणार."

जाहा म्हणजे गावातल्या वजनदार माणसांचं शिष्टमंडळ. कोणाची सोयरीक जुळवायची असो, भांडण मिटवायचं असो, रुसलेली बाई परत न्यायची असो, ते येतात, ओळीनं बसतात, त्यांच्या म्होरक्यापुढे बिनसाखरेच्या कॉफीची छोटी प्याली ठेवली जाते आणि तो तिला हात लावत नाही. आमचं मागणं मान्य करा, मग कॉफी पिऊ. यजमान म्हणतो, प्या, जे मागायला आलात ते तुमचं. मगच ओळीतले सगळे पितात. तोवर अख्ख्या ओळीची कॉफी गार होत राहते.

शुक्रवारी नमाज आटोपल्यावर ते आले. पुढे हाबिस पाशा. लष्करातून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीत असलेले. गेली कित्येक वर्षं सल्तमधली एकही सोयरीक त्यांच्याशिवाय झाली नव्हती. दर शुक्रवारी एखादी तरी जाहा ठरलेली, कधी कधी दोन. आजही ते एका घरचं लग्न ठरवून, तिथला मटण-भाताचा मनसफ भरपेट जेवून थेट इकडे आले होते. मागे गल्लीतले काही पांढऱ्या मिशांचे वडीलधारे आणि सगळ्यात शेवटी मुन्झिर आणि राकान, इस्त्रीच्या कपड्यांत.

दिवाणखान्यात यजमानाच्या खुर्चीवर नौफा मावशी बसलेली पाहून पाशा दारातच थबकले. "घरातला पुरुष कोण?"

"या घरात मिशा असलेलं आता मांजरच उरलंय, पाशा, आणि ते झोपलंय. बसा."

पाशा बसले. इंतिसार स्वयंपाकघराच्या अर्धवट लोटलेल्या दाराआड उभी होती. इथून तिला मावशीची पाठ, पाशांच्या मिशा आणि मुन्झिरचा एक गुडघा दिसत होता. गुडघा हलत होता. लहानपणापासून मुन्झिर खोटं बोलायच्या आधी गुडघा हलवायचा, म्हणून तिला कळलं की याच्या मनात काहीतरी आहे.

काय आहे ते लगेच बाहेर आलं. झालं होतं असं, की शाळेचा मुख्याध्यापक असलेल्या मुन्झिरला आपली प्रौढ बहीण एका पक्ष्यावरून घर सोडून गेली हे पाशांना सांगायची लाज वाटली होती. त्यानं फोनवर इतकंच पुटपुटलं होतं, "आमची मुलगी आहे, नौफा मावशीकडे, जाहा न्यायचीय." पाशांनी यापलीकडे कधीच काही विचारलं नव्हतं. विचारायची गरजच कधी पडली नव्हती.

प्याली पुढे आली. पाशांनी ती बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि डोळे मिटून सुरू झाले. अल्लाची स्तुती झाली. दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांची झाली. तलवार, पाहुणचार, सल्तचं पाणी, काही राहिलं नाही. मग आवाज चढवून ते म्हणाले, "आणि म्हणून, या थोर घराण्याच्या अंगणात आम्ही उभे आहोत, तुमच्या सुशील, सद्गुणी कन्येचा हात मागायला, आमच्या सुपुत्रासाठी." इथं ते थांबले, एक डोळा उघडून मुन्झिरकडे झुकले आणि म्हणाले, "मुलाचं नाव काय रे?"

मुन्झिरचा गुडघा थांबला. राकाननं तोंडावर रुमाल धरला. ओळीतल्या एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. दाराआड इंतिसारनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, कारण तिला हसू येत होतं आणि बऱ्याच दिवसांत इतकं हसू आलं नव्हतं.

"पाशा," मुन्झिर कसाबसा म्हणाला, "ती माझी बहीण आहे."

"मग?"

"म्हणजे आम्ही तिला मागायला नाही, न्यायला आलोय. परत. आमच्याच घरी."

पाशांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आणि नेमक्या त्या क्षणी नौफा मावशी ओढणीची टोकं सावरून पुढे सरकली. "का हो, आता मागे फिरता? जाहात गेलेला शब्द परत येतो का? मागणी आली, मी ऐकली, इतके साक्षीदार बसलेत. मुलाचं नाव मी सांगते. मुलाचं नाव हाजी मिफ्लेह. अंथरुणाला खिळलेला, पण घर स्वतःचं. सोबत एक बहीण, ती अजून वरातीची वाट बघते आहे. थोरल्या सुनेची आई, जी चालत नाही पण परवा चालली. धाकट्याची दोन पोरं दुपारपुरती. आणि हुंड्यात एक पिवळा पक्षी. आता तुम्हीच सांगा, पाशा, इतक्या सोयरिका जुळवल्यात. असलं स्थळ आलं तर तुम्ही तुमची मुलगी द्याल?"

ओळीतले म्हातारे छताकडे पाहू लागले.

"मावशी, हा काय तमाशा," मुन्झिर म्हणाला. "ती आमच्याच घरची मुलगी. तिची कसली मागणी आणि कसल्या अटी?"

"तेच म्हणते मी. तुझी सुहैर या घरात आली तेव्हा तिच्या बापानं अटी घातल्या की नाही? नोकरी सोडणार नाही, वरचा मजला वेगळा. लुब्नाच्या बापानं घातल्या, स्वयंपाकघर स्वतंत्र. अरे, माझी बहीण तुझ्या बापाकडे आली तेव्हा तिनंसुद्धा घातली होती, शेळ्यांचं दूध काढणार नाही म्हणून. मेली तोवर काढलं नाही तिनं. त्या घरात प्रत्येक बाई चार माणसं बसून, बोलून, कबूल करून आत आली. एकटी इंतिसार तिथेच जन्मली, म्हणून तिच्यासाठी कधी कोणी बसलंच नाही. आज पहिल्यांदा बसलेत, ते पण चुकून."

दाराआडचं हसू थांबलं. इंतिसारला हे कधी असं दिसलंच नव्हतं. आपण नशिबानं अडकलो, असं ती समजत होती. आपल्याला कोणी मागितलंच नव्हतं, नुसतं वापरलं होतं, हे कानावर पडलं आणि तिला राग आला. चांगला, गरम राग. तो किती दिवसांनी आला होता.

पाशांनी मिशीवरून बोट फिरवलं. माणूस अडचणीत होता. शब्द मागे घ्यावा तर उद्या सल्तभर हसू होणार, ठेवावा तर भावांच्या बाजूनं आलेला म्होरक्या भावांच्याच विरुद्ध बसणार. पण लष्करात ते एक गोष्ट शिकले होते. चुकीच्या दिशेनं निघालोच असलो तर तीच दिशा बरोबर होती असं ठामपणे सांगायचं.

"शब्द गेला तो गेला," ते म्हणाले. "मी मागणीच घातली आहे. बाई, तुमच्या अटी सांगा."

"पाशा," राकान पुटपुटला, "तुम्ही आमच्या बाजूनं आला आहात ना?"

"मी जाहाच्या बाजूनं आहे. गप्प बस."

त्याच वेळी मुन्झिरचा फोन वाजला. सुहैर होती. मुन्झिरनं नाव पाहिलं, ओळीकडे पाहिलं, आणि गुडघा पुन्हा एकदा हलला. मग त्यानं फोनचा आवाज मोठा करून तो मधल्या तिवईवर ठेवला.

"ऐका हे," सुहैरचा आवाज खोलीत घुमला. "सकाळपासून हेच चाललंय."

आणि मग हाजी मिफ्लेहांचा आवाज आला. खरखरीत, ओढलेला, छातीच्या तळातून निघालेला. "इंतिसार. इंतिसार."

झटका आल्यापासून हाजींच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. पाशा खाली पाहू लागले, त्यांचीही आई अशीच गेली होती आणि तिचं कोणी केलं ते त्यांना आज पहिल्यांदा नीट आठवलं. नौफा मावशीची जीभसुद्धा क्षणभर जागच्या जागी थांबली.

"बाप हाक मारतोय," मुन्झिर हळूच म्हणाला. "आता आणखी काय बोलायचं राहिलं, मावशी? सगळी भाषा गेली, पोरीचं नाव तेवढं राहिलं."

दाराआड इंतिसारच्या एका पायात चप्पल कधीच गेली होती. कोट खुंटीवर होता, हात त्याच्यापर्यंत पोचला होता. हेच ते चार गोड शब्द, ज्यांची तिला भीती होती, आणि हे तर चारही नव्हते, एकच होता.

फोनमधून पुन्हा आलं. "इंतिसार." या वेळी शेवटचं अक्षर आखूड, तुटल्यासारखं, आणि मागोमाग खाटेच्या कठड्यावर मुठीचा आवाज.

इंतिसारचा हात कोटावरून खाली आला. इतकी वर्षं ती हा एकच शब्द ऐकत आली होती. पाणी हवं असलं तरी हाच शब्द, खिडकी लावायची असली तरी हाच, रेडिओवरच्या बातम्या सांगणाऱ्याला शिव्या द्यायच्या असल्या तरी हाच. फरक तो म्हणण्यात होता, आणि तो तिच्याखेरीज कोणी कधी ऐकला नव्हता.

"त्यांना लघवीला लागलीय," ती दाराआडून म्हणाली. "भांडं खाटेखाली आहे. लवकर करा, ते फार वेळ थांबू शकत नाहीत."

खोलीत असलेल्या सगळ्या मिशा एकदम खाली वळल्या. डोळे पुसणाऱ्या म्हाताऱ्यानं रुमाल खिशात घातला.

"कोण करणार?" फोनमधून सुहैर किंचाळली. "मी? मी सून आहे. आणि तुम्ही दोघं तिथे कॉफी प्यायला बसलात."

"राकान, तू जा," मुन्झिर म्हणाला.

"तू थोरला आहेस."

"म्हणूनच सांगतोय."

"सकाळची अंघोळ मी घातली. अर्धं पाणी माझ्या अंगावर."

"आणि आत्याला कोणी शोधून आणलं? मशिदीपर्यंत गेली होती."

"दोघांपैकी एक आत्ताच्या आत्ता उठला नाही," पाशा शांतपणे म्हणाले, "तर मी उठीन. आणि मग संध्याकाळपर्यंत सल्तला कळेल की मिफ्लेहच्या घरी दोन मुलगे असताना भांडं हाबिस पाशानं धरलं."

राकान इतक्या घाईनं उठला की तिवईला गुडघा लागला. पायऱ्यांवरून त्याच्या बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मुन्झिर एकटाच उरला. बायको फोनवर, भाऊ पळालेला, म्होरक्या फितूर. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि इंतिसारला दाराच्या फटीतून पहिल्यांदाच दिसलं की त्याचेही डोळे आत गेलेत, दाढी एका बाजूला राहिलीय. तिला त्याची दया आली. मग तिला आठवलं की हे त्याचे फक्त चार दिवस आहेत, आणि दया जरा आवरली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "ऐका. सुहैरच्या आईला तिच्या मुलाकडे पाठवतो. पक्षी तिच्याबरोबर. राकानच्या पोरांचं लुब्ना बघेल. बाबांसाठी सकाळी माणूस ठेवतो, रात्री मी आणि राकान आलटून पालटून. आणि इंतिसारला महिनाभर आराम. झालं? लोकांसमोर सांगतोय."

मावशीनं पाशांकडे पाहिलं. पाशांनी मान हलवली. अटी चांगल्या होत्या, सुहैरच्या बापानंसुद्धा एवढ्या घातल्या नव्हत्या.

"आता रीतीप्रमाणे," पाशा उठून उभे राहिले आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले, "मुलीला विचारायचं. बेटा इंतिसार, तुझ्या भावानं जे कबूल केलं ते ऐकलंस. तू येतेस?"

सगळे सैल होऊन बसले. कोणाचा हात प्यालीकडे गेला. कारण पुढचं सगळ्यांना माहीत होतं. विचारलं की मुलगी लाजते, काही बोलत नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे हो म्हणाली असं धरून पाशा "मुबारक" म्हणतात. शेकडो लग्नं अशीच ठरली होती. इंतिसारनं तर उभा जन्म असाच काढला होता. आत्या येणार म्हटल्यावर ती गप्प बसली होती, उम्म नबील आली तेव्हा गप्प बसली होती, आणि दर वेळी घरानं ते हो म्हणून लिहून घेतलं होतं.

तिनं दार पूर्ण उघडलं. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी.

"नाही," ती म्हणाली.

पाशांचं तोंड "मुबारक"साठी उघडलेलं होतं, ते तसंच राहिलं. जाहात हे कोणी म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं, त्यामुळे यानंतर काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"नाही म्हणजे?" मुन्झिर म्हणाला. "सगळं तर मान्य केलं."

"तू चांगलं बोललास, भाई. तू ते पाळशीलही." ती आणखी एक पाऊल पुढे आली. "पण मी आत्याचा हात आवळला. गेल्या आठवड्यात. तिच्या मनगटावर वळ उठले. ती कण्हत होती आणि मी सोडलं नाही. मी तिच्यावर माया करते, तुला माहीत आहे, तरी मी सोडलं नाही. आत्ता मी आले तर पुन्हा करीन. म्हणून नाही."

नौफा मावशीनं चेहरा वळवला. मुन्झिरनं बहिणीकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात बरीच उत्तरं तयार होती, समजावणीची, रागाची, बापाच्या नावाची. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. शेवटी त्यानं जे विचारलं ते इतक्या वर्षांत त्या घरातल्या कोणी तिला विचारलं नव्हतं.

"मग तुला काय हवंय?"

इंतिसारनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आणि तिला कळलं की उत्तर नाहीच. बाबांना काय हवं ते तिला कठड्यावरच्या मुठीवरून कळत होतं, आत्याला काय हवं ते डोळ्यांवरून, मावशीच्या गुडघ्याला काय हवं तेसुद्धा. स्वतःला काय हवं ते शोधायला ती आत गेली तर तिथे कोणी राहतच नव्हतं. ती घाबरली. डोळे भरून आले आणि ते तिनं सगळ्यांसमोर तसेच वाहू दिले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "झोप झाली की सांगते."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, पाशा मावशीला काहीतरी म्हणाले, मावशी पाशांना काहीतरी म्हणाली. शेवटी बंद दारापाशी पावलं आली आणि मुन्झिरचा आवाज, हळू, मुख्याध्यापकाचा अजिबात नाही.

"इंतिसार, जागी आहेस? आत्या तीन दिवस नीट जेवली नाही. म्हणते, नवरा आल्याशिवाय घास घेणार नाही. तू तिला काय सांगून भरवतेस?"

इंतिसार भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला माहीत होतं काय सांगायचं ते. अगदी सोपं होतं, ती आता सांगणारच होती, पण त्याआधी तिचा डोळा लागला.